पंगतीपुरता खड्डा

आपल्याकडे खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी साधा माणूस समजत नाही. तो एक तर साहेब असतो, नाही तर सत्कारमूर्ती. मी दोन्ही नाही. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं नेला, तेव्हापासून त्यावर लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर आहे आणि मला मांडी घालून जमिनीवर बसता येत नाही, एवढंच. पण हे 'एवढंच' आजवर कोणाला पटलेलं नाही.

लग्न असो, बारसं असो की तेरवी, लोक पंगतीत बसायला लागले की कोणीतरी धावत जातो आणि माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची घेऊन येतो. आता ती ठेवायची कुठे? पंगतीत ठेवली तर बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांच्या समोर, थेट तोंडावर. झालं! वलगावला एका लग्नात मी असाच बसलो होतो, तर नवरदेवाच्या मामानं मला कोणीतरी मोठा पुढारी समजून फेटा बांधला. बायकोच्या नात्यातल्या एका तेरवीत तर माइकच माझ्या हातात आला. गेलेल्या आजोबांचं नाव मला धड ठाऊक नव्हतं, तरी दोन शब्द बोललो. लोक रडले हो! आमच्या कपाटात आज साड्यांपेक्षा शाली जास्त आहेत, आणि मी आपला एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून कोणाच्या लक्षातही न येता निवृत्त झालेला माणूस.

शालींचं एक वेळ चालेल, पण जेवणाचं काय? 'आधी साहेबांना वाढा' हे वाक्य ऐकलं की माझी भूकच मरते. पंगतीत मीठ-लिंबू फिरत असतं तेव्हा माझ्या ताटात भात येतो. तिकडे वरण पोचेस्तोवर माझे हात धुऊन होतात. मग समोर खुर्चीत बसून मी बघत राहतो. कोणी कोणाच्या पानात जबरदस्तीनं वाढतंय, कोणी शेजारच्याची भजी पळवतंय, कोणी हसता हसता ठसका लागून लाल झालंय. पन्नास वर्षं मी हे पाहत आलोय. खोटं कशाला सांगू, वाईट वाटतं.

तसा मी पंगतीत बसलेलो नाही असं नाही. बसलेलो आहे, आमच्या गावी, पातूरला. तिथं माझ्या वर्गातल्या किसनच्या बापाचं वावर होतं आणि थंडीत त्या वावरात दरवर्षी रोडगे व्हायचे. रोडगे म्हणजे कणकेचे जाडजूड गोळे. ते गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं घट्ट वरण. पहिल्या वर्षी माझ्या आईनं मला बैलगाडीत बसवून पत्रावळ हातात दिली. खाली सगळा गाव जेवतोय आणि वर मी, सोबतीला बैल. किसन आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तू अठी काहून बसते बे?"

"मले खाली बसता येत नाही," मी म्हणालो.

किसननं बापाचं टिकास उचललं आणि पंगतीच्या ओळीतच खणायला लागला. गुडघाभर खोल, हातभर रुंद असा खड्डा. त्यात मला उभं केलं आणि म्हणाला, आता मागं काठावर टेक. मी टेकलो. पाय खड्ड्यात, बूड जमिनीवर, पत्रावळ पलीकडच्या काठावर, आणि माझा खांदा किसनच्या खांद्याला लागलेला! पुढे शाळा संपेपर्यंत दरवर्षी किसननं तो खड्डा खणला. कोणी त्याला शाबासकी दिली नाही की मला शाल दिली नाही. त्या रोडग्यांची चव मला अजून जिभेवर सापडते. मग मी नोकरीसाठी अमरावतीला आलो, किसननं अकोल्यात कापडाचं दुकान टाकलं, वावराचे प्लॉट पडले आणि रोडगे गेले.

आमच्या ले-आउटातही, म्हणजे वसाहतीतही, ओपन स्पेसमधल्या मारुतीसमोर दरवर्षी रोडग्यांची पंगत होते, आणि दरवर्षी माझी खुर्ची मारुतीच्या शेजारी असते. लोक आधी त्याला नमस्कार करतात, मग मला. या वर्षी मात्र माझं डोकं फिरलं. किसनला फोन लावला आणि म्हणालो, "किसन, यंदा तू रोडग्यांना अमरावतीला यायचं. मी खड्डा खणून घेतो, दोघांपुरता. बाजूबाजूला खाली बसून जेवू. आता किती वर्षं उरली आपली?"

किसननं आधी तारीख विचारून घेतली. मग म्हणाला, "येतो बे. येतो तं खरा."

घरात सांगितलं तर सिंधू, म्हणजे आमची सौभाग्यवती, पोळी लाटता लाटता म्हणाली, "खड्ड्यात उभं राह्याचं, मंग काठावर बसाचं. म्हंजे खुर्चीच झाली नं? मंग आहे ते खुर्चीनं काय घोडं मारलं?"

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी काही गोष्टी बायकोला समजावता येत नाहीत. मी तडक देवमनजींकडे गेलो. देवमनजी आमच्या ले-आउट समितीचे सचिव. त्यांना कोणतीही गोष्ट सांगा, ते आधी चष्मा पुसतात.

"खड्डा?" चष्मा पुसत ते म्हणाले. "ओपन स्पेसमधी? परमिशन लागते, मोरोपंत."

आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला अर्जाची भीती कोण दाखवणार! काठी घेतली आणि वॉर्डाच्या कचेरीत गेलो. तिथल्या टेबलामागच्या गृहस्थांनी मला पाहताच खुर्ची दिली. तिथंच माझं मन धसकलं. 'खड्ड्यासाठी आलोय' म्हणालो, तर त्यांनी विचारलं, "खड्डा कुठे पडला?"

"पडला नाही, पाडायचाय."

"बुजवायचा?"

"नाही हो, खणायचा."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. इतक्या वर्षांत खड्ड्यांबद्दल लोक त्यांच्याकडे रागानं आले होते, रडत आले होते, एक जण हात गळ्यात बांधून आला होता. पण खड्डा मागायला आलेला मी पहिलाच. "काका," ते शेवटी मायेनं म्हणाले, "खड्डे बुजवायचा अर्ज असते. पाडायचा नसते. ते आपोआप पडतेत. शहरात एवढे आहेत, त्यातलाच एखादा पाहून घ्या नं."

"पण मला मारुतीसमोर पाहिजे, आणि गुडघाभर. जेवायला."

मग त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाठवलं. तिथं माझा पाय अपंग असल्याचा दाखला मागितला. पाय सोबतच आणला होता, तो चालेना. दाखला आणला तर म्हणाले, दाखला पायाचा आहे, अर्ज खड्ड्याचा आहे, दोघांचा संबंध काय? मी संबंध सांगायला सुरुवात केली आणि पातूरपर्यंत आलो, तोवर त्यांची जेवायची सुट्टी झाली. ते डबा घेऊन उठले. मी घरी परतलो आणि ठरवलं, न विचारताच खणायचं. शहरातल्या बाकीच्या खड्ड्यांनी तरी कोणाला विचारलंय?

आता जागा. आमच्या समोरचे महादेवराव एसटीतून निवृत्त झालेले चालक. सगळं आयुष्य खड्डे चुकवण्यात गेलेला माणूस, त्यामुळे ते या विषयात स्वतःला तज्ज्ञ समजतात. "मोरोपंत, काठाले उतार ठेवा बरं," ते म्हणाले, "नाई तं पाऊस आला की तुमीच अंदर." शेजारच्या रागिणीताई योगाचे वर्ग घेतात. त्या म्हणाल्या, "काका, खड्डा कायले? रोज फुलपाखरासारखं बसायचं आसन करा, माहा गुडघा पाहा कसा मोकळा आहे!" आणि त्यांनी फाटकातच पाय झटकून दाखवला. तिसऱ्या कोणीतरी सांगितलं की दक्षिणेकडे तोंड करून जेवू नये. चौथ्यानं सांगितलं की मारुतीसमोर पाय लोंबकळत सोडणं बरं दिसत नाही. मारुतीकडे पाठ करावी तर तो आणखी अपमान. शेवटी तिरपी जागा धरली. मारुतीला माझा फक्त उजवा खांदा दिसेल अशी.

सकाळी दोन मजूर आले आणि घटकाभरात खड्डा तयार झाला. मी काठीनं खोली मोजली, आत उतरलो, काठावर टेकलो. आहाहा! शेजारी किसनची जागा मोकळी होती, तिच्यावर हातही फिरवून घेतला. तेवढ्यात जॉगिंगवाले दोघे जण माझ्याकडे पाहत पाहत जरा लवकरच निघून गेले.

आपल्याकडे जमिनीत नुसता खड्डा राहूच शकत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुपारपर्यंत कोणी म्हणालं मोबाइलचा टॉवर येतोय, कोणी म्हणालं पुतळा बसतोय. संध्याकाळी पाहिलं तर काठावर हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी नारळ. मी नारळ उचलून बाजूला ठेवला, तर पूजेला आलेल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं परत ठेवला. आणि तिसऱ्या दिवशी अश्विनभाऊ आले.

अश्विनभाऊ हे आमचे भावी नगरसेवक. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ते भावीच आहेत. सोबत फलक होता, हार होते, फोटोग्राफर होता आणि फलकावर 'सभामंडपाचे भूमिपूजन' असं लिहिलं होतं. मी खड्ड्याची राखण करत शेजारीच खुर्ची टाकून बसलो होतो. पुढे काय झालं ते सांगायला पाहिजे का? शाल, श्रीफळ, गुच्छ! "या कल्पनेचे जनक, आदरणीय मोरोपंतजी!" मी ओरडून म्हणालो, "अहो, हा खड्डा जेवायला आहे!" त्यावर टाळ्या पडल्या. अश्विनभाऊंनी तिथल्या तिथे सभामंडपात अन्नदानही होईल असं जाहीर केलं. मी स्वतःच्याच खड्ड्याचा प्रमुख पाहुणा झालो होतो.

मग अश्विनभाऊंनी टिकास उचललं आणि खड्ड्यात हलकेच मारलं. फोटोग्राफर म्हणाला, "भाऊ, नाई आलं. अजून एकदा." भाऊंनी पुन्हा मारलं. "भाऊ, जोर दिसू द्या नं थोडा!" आणि भाऊंनी जोर दाखवला.

पाणी प्रथम भाऊंच्या तोंडावर उडालं, मग फलकावर, मग मारुतीवर. ले-आउटची मोठी पाइप बरोबर तिथूनच जात होती. इतकी वर्षं आमच्या नळाला करंगळीएवढी धार यायची, तिथं मैदानाच्या टोकाच्या कडुनिंबाच्या शेंड्याला लागेल एवढं पाणी उसळत होतं. महादेवराव घरातून बादली घेऊन धावले. मला खुर्चीसकट उचलून दोघांनी बाजूला ठेवलं, तेव्हाही शाल माझ्या खांद्यावरच होती. अश्विनभाऊ कधी गेले ते कळलंच नाही.

त्यानंतर जे झालं त्यानं मात्र जीव नकोसा झाला. नळ बंद. सगळ्या घरांना टँकर. आणि या सगळ्याला जबाबदार कोण? टिकास मारणारा नाही, मी! दूधवाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, 'लंगड्या काकाचा खड्डा'. इतकी वर्षं ले-आउटात राहिलो, मोरोपंत म्हणून राहिलो, आणि एका नळानं मला पुन्हा लंगडा केलं. सिंधू टँकरच्या रांगेत उभी राहून कोणाकोणाशी भांडून आली, पण घरात माझ्याशी भांडली नाही. फक्त चहा ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या खुर्चीले कोनी काई म्हनत नव्हतं."

पाणीवाले आले. त्यांनी पाइप कुठे कुठे फुटली ते पाहायला मारुतीपासून निंबापर्यंत सरळ एक लांबलचक चर खोदला, पाइप सांधली, तिच्यावर थोडी माती लोटली आणि सामान गाडीत टाकलं. देवमनजींनी विचारलं, "आन हा चर?"

"आमचं काम खोदाचं," मुकादम म्हणाला. "बुजवनारं खातं अलग आहे."

नळ आले, पण गुडघाभर खोल चर तसाच राहिला. रोडग्यांचा दिवस आला तरी तसाच. माझा दोघांपुरता खड्डा त्यात कुठे विरून गेला, मलाच ओळखू येईना.

सकाळपासून गोवऱ्यांचा धूर घरात येत होता. मी दार लावून बसलो. किसनला येऊ नको म्हणून सांगायचं धाडस झालं नव्हतं, तेवढ्यात दारात गाडी थांबली. किसनचा जावई उतरला, त्यानं मागून वॉकर काढला आणि त्याला धरून किसन उतरला. 

"दोनी गुडघे बदलवले बे," किसन म्हणाला. "दिवाळीच्या आंदी. डॉक्टरनं सांगतलं, खाली बसनं बंद. जिंदगीभर."

"अरे, मग फोनवर का नाही सांगितलं?"

"तू किती खुश होता, मोऱ्या. मले वाटलं, पाहू." आणि तो माझ्या कॅलिपरकडे पाहून हसला. "आता तुयाच पार्टीत आलो."

मी तोंड फिरवलं. वय झालं की डोळ्यांत पाणी यायला फार कारण लागत नाही. मला माझ्या पायाचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, जितकं त्याच्या गुडघ्यांचं वाटलं. वावरात टिकास घेऊन खणणारा किसन, आणि हा वॉकरवाला!

मैदानावर गेलो तर पंगतच नव्हती. चरामुळे बसायच्या पट्ट्या टाकायला जागा उरली नाही म्हणून देवमनजींनी मंगल कार्यालयातून टेबल-खुर्च्या आणल्या होत्या. सगळं ले-आउट खुर्च्यांवर. इतकी वर्षं मी एकटा वर आणि सगळे खाली. आता सगळे वर, पण पाचपाचच्या टेबलांवर, एकमेकांकडे पाठ करून. आम्हाला पाहताच कोणीतरी दोन खुर्च्या आणल्या आणि मारुतीशेजारी ठेवल्या. आम्ही बसलो. दोन सत्कारमूर्ती.

"हा कोनी खंदला बे?" किसननं चराकडे बोट दाखवलं.

मी सगळं सांगितलं. कचेरी, नारळ, शाल, फोटोग्राफर. किसन पोट धरून हसला, इतका की जावई पाणी घेऊन धावला. मग त्यानं वॉकर पुढे सारला आणि चराच्या निंबाकडच्या टोकाला गेला. तिथं मजुरांनी उतरायला उतार ठेवला होता. हळूहळू आत उतरला, चार पावलं चालला, वळला आणि काठावर टेकला. पाय चरात, बूड जमिनीवर.

"ये बे मोऱ्या! नवे गुडघे तं एकदम खुश आहेत अठी!"

मी गेलो. काठी ठेवली, टेकलो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. 

आणि मग काय झालं पाहा! सगळ्यात आधी कोण यावं? रागिणीताई! फुलपाखरासारखं बसणाऱ्या! "काका, सरका थोडं," त्या म्हणाल्या. "कोनाले सांगू नका, माहे गुडघे लय दुखून राहिले. वर्गात मी नुसती सांगते, करते कोन?" त्यांच्या मागून देवमनजी आले. त्यांनी कबूल केलं की तीन वर्षं ते पंगतीच्या वेळी मुद्दाम वाढायला उभे राहतात, कारण बसलं तर उठता येत नाही. मग रांगच लागली. कंबर धरून, एकमेकांचा हात धरून, हसत, कण्हत एकेक जण उतारावरून आत यायला लागला. ज्यांचे गुडघे धड होते तेही आले, कारण तिथं मजा होती. सिंधू आली आणि माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. पाय खाली सोडून म्हणाली, "बरं वाटते हो!" एवढंच. पण मी ते ऐकलं. मारुतीपासून निंबापर्यंत एकच पंगत झाली. टेबलं रिकामी.

पलीकडच्या काठावर पत्रावळी मांडल्या गेल्या. रोडगे आले, वांग्याची भाजी आली. तूप महादेवरावांकडे होतं, कारण तुपाच्या बाबतीत त्यांचा कोणावर विश्वास नाही. ते मारुतीच्या टोकाकडून निघाले होते आणि आम्ही पार दुसऱ्या टोकाला. माझा रोडगा फोडून तयार होता, वाफ निघत होती. सवयीनं माझी मान वर गेली आणि हात उंचावून मी ओरडलो, "महादेवराव, इकडे तूप!"

महादेवरावांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"थांबा जी!" ते तिकडूनच गरजले. "लाइनीनं येऊन राहिलो नं. तुमी काय जावई आहे काय?"

सगळी पंगत हसली. किसन इतका हसला की त्याच्या धक्क्यानं मी सिंधूवर कलंडलो. कोणी 'साहेबांना आधी' म्हटलं नाही. माझ्या आधी कितीतरी पानं होती, आणि महादेवराव प्रत्येक पानावर निवांत तूप ओतत होते.

मी थांबलो. पोटात भुकेची आग पडली होती, रोडगा थंड होत होता, आणि आयुष्यात इतक्या आनंदानं मी कोणाची वाट पाहिली नव्हती.